निवृत्तीआधी घर सोडवून घ्यावे

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी "सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा," अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा पहिला विचार शिक्षणावर लिहावे असाच होता, कारण आम्ही पेशाने शिक्षक. परंतु शाळेत भेटीस येणाऱ्या पालकांशी बोलताना गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येत आहे. मुलाच्या गुणांची चौकशी झाली की बोलणे हळूच घराच्या हप्त्यावर येते. पन्नाशी उलटलेला गृहस्थ बोटे मोजून सांगतो, "सर, अजून तेरा वर्षे आहेत." आणि नोकरीची वर्षे किती राहिली असे विचारले की तो गप्प होतो. या गप्प होण्यावरच आज चार शब्द लिहावे असे ठरविले.

आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे की बँकेचे अधिकारी नव्हे. गणित आणि इतिहास शिकवणारे साधे पदवीधर शिक्षक आहोत. घरावरचे कर्ज आम्ही स्वतः काढले, अज्ञानाने सहा वर्षे वाया घालविली, आणि पुढची सहा वर्षे काटकसर करून ते फेडले. त्यात ज्या चुका झाल्या त्या सांगितल्या तर कोणाची तरी वर्षे वाचतील, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गहाण म्हणजे काय?

घर बांधून झाले, वास्तू झाली किंवा फातिहा झाला, पाहुणे जेवून गेले, की आपण म्हणतो, "घर आपले झाले." व्यवहारात तसे नसते. खरेदीखत आणि जमिनीचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत असतात, आणि शेवटचा रुपया फिटेपर्यंत ते तिथेच राहतात. इंग्रजीतला 'मॉर्गेज' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'मृत तारण' असा होतो. आपल्या बोलीतला शब्द अधिक बोलका आहे. आपण गहाण 'सोडवतो'. बांधलेले जनावर सोडवावे तसे घर सोडवावे लागते.

कागद दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे गोवेकरांनी एकदा अनुभवलेले आहे. पोर्तुगीज अमदानीत बांको नासियोनाल उल्त्रामारीनू या बँकेकडे अनेक कुटुंबांनी आपले दागिने गहाण ठेवले होते. १९६१ साली मुक्तीच्या सुमारास ते सोने लिस्बनला हलविण्यात आले. ते परत येण्यास १९९१ साल उजाडले. ज्या मुलींच्या लग्नासाठी ते दागिने सोडवायचे होते, त्या मुलींच्या मुली तोवर लग्नाच्या झाल्या असतील! आणखी मागे जायचे तर पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती लागले ते रोखे त्यांनी जाळले. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. आज जाळपोळीची गरज नाही, कायदा आपल्या बाजूला पुष्कळ आहे. पण कागदाचे महत्त्व तेव्हा होते तेवढेच आजही आहे.

फळ्यावरचे गणित

आता थोडे गणित करू. वाचकांनी कंटाळू नये, हे सातवीच्या मुलालाही समजते.

समजा, २० लाख रुपये कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता होतो १७,३५६ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याजच होते १४,१६७ रुपये. म्हणजे आपण भरलेल्या रकमेतून मुद्दलात जातात फक्त सुमारे ३,१९० रुपये. घाम सतरा हजारांचा, आणि कर्ज हलते तीन हजारांनी. २० वर्षांत एकूण भरणा होतो ४१ लाख ६५ हजारांच्या घरात, त्यात व्याज २१ लाख ६५ हजार.

याहून डोळे उघडणारा आकडा मधल्या टप्प्याचा आहे. दहा वर्षे झाली, म्हणजे अर्धी मुदत सरली, की सामान्य माणूस समजतो अर्धे कर्ज फिटले. तोवर त्याने २० लाख ८२ हजार रुपये भरलेले असतात, आणि तरीही त्याच्या नावावर जवळजवळ १४ लाख रुपये मुद्दल शिल्लक असते! यात बँकेची लबाडी नाही. व्याज नेहमी शिल्लक मुद्दलावर आकारले जाते, म्हणून आरंभीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात.

पण ज्या नियमाने आपण बुडतो त्याच नियमाने आपण तरतोही. याच कर्जावर पहिल्या वर्षाअखेर एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे २६ हप्ते कमी होतात. ते सुमारे साडेचार लाख रुपये झाले. तोच एक लाख दहा वर्षांनी भरला तर १३ हप्ते, म्हणजे जवळपास सव्वादोन लाख रुपये वाचतात. एकरकमी लाख जवळ नसेल तर दरमहा ३,००० रुपये पहिल्यापासून जादा भरावे. मग २० वर्षांचे कर्ज चौदा वर्षे एक महिन्यात फिटते आणि व्याजाचे सुमारे ७ लाख ३० हजार रुपये वाचतात. तीन हजार रुपये म्हणजे दिवसाला शंभर रुपये. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तिचा हिशोब असा आहे.

डिचोलीचा धडा, पेडण्याचा मोह

कोणी म्हणेल, "घाई कशाला? पगार चालू आहे, हप्ता चालू आहे." याचे उत्तर आमच्या डिचोली तालुक्याने दिलेले आहे.

शिरगाव, मये, पाळी, वेळगे या गावांत खनिजाच्या ट्रकांची रांग कधी संपेल असे कोणाला वाटत नव्हते. घरटी ट्रक आला, तो कर्जावर आला. ट्रकच्या भरवशावर घरावर मजला चढला, तोही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक दारात उभे राहिले. २०१४ साली बंदी उठली, लोकांनी पुन्हा टायर घातले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद. पुढे लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्या हे खरे, परंतु मधल्या वर्षांत बँकेचे व्याज एक दिवसही थांबले नव्हते. आमच्या वर्गातल्या मुलांचे डबे त्या दिवसांत कसे बदलत गेले हे आम्ही रोज पाहत होतो. ती माणसे आळशी नव्हती, उधळीही नव्हती. त्यांची चूक एकच, पीक आले त्या वर्षी त्यांनी कर्ज फेडले नाही, वाढविले.

शेजारच्या पेडण्यात संकट वेगळ्या वेषाने येते. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि त्याच्या आधीपासूनच जमिनीचे भाव चढू लागले होते. हरमल, मोरजीकडे तर त्याहून आधी. भाव चढला की घरमालकाला वाटते आपण श्रीमंत झालो. मग त्याच घरावर आणखी कर्ज काढून दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधाव्या, गाडी घ्यावी असे मनात येते. पण भाव वाढला म्हणून घराच्या भिंती वाढत नाहीत, आणि राहते घर विकून कोणी राहू शकत नाही. वाढतो तो केवळ हप्ता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पर्यटनाचा व्यवसाय एका दिवसात बसला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली. पुष्कळांना ती माफी वाटली. ती माफी नव्हती, व्याज चालूच होते.

तात्पर्य, उत्पन्न थांबते आणि व्याज थांबत नाही. खाणवाल्याचे उत्पन्न निकालाने थांबले, किनाऱ्यावरच्या माणसाचे साथीने थांबले. नोकरदाराचे उत्पन्न थांबण्याची तारीख तर नोकरी लागली त्याच दिवशी ठरलेली असते. ती माहीत असूनही आपण तयारी करीत नाही, हे नवल. त्यातून जे आमच्यासारखे २००५ नंतर सरकारी किंवा अनुदानित सेवेत आले, त्यांच्यासाठी नवी अंशदायी योजना आहे. तिच्यात जुन्या मंडळींसारखे पगाराच्या प्रमाणात ठरलेले निवृत्तिवेतन नाही. वडील मंडळींनी निवृत्तीनंतरही हप्ते भरले म्हणून आपल्यालाही जमेल, असे समजू नये.

आमची स्वतःची गोष्ट

आम्ही २०१२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, डिचोलीत घर बांधण्यासाठी १५ लाख रुपये कर्ज काढले. दर साडेदहा टक्के, मुदत २५ वर्षे, हप्ता १४ हजारांच्या थोडा वर. आमचे वडील, ज्यांना आम्ही अब्बा म्हणत असू, शिंपीकाम करून चार मुले वाढविलेले. आमच्या धर्मात व्याजाचा व्यवहार निषिद्ध मानलेला आहे, आणि अब्बांनी आयुष्यात कोणाचे एक रुपया व्याज खाल्ले नाही की दिले नाही. आम्ही नाइलाज सांगितला. भाड्याच्या खोलीत किती दिवस काढणार? ते रागावले नाहीत. घरभरणीच्या दिवशी भिंतीवरून हात फिरवून एवढेच म्हणाले, "घर बांधलेस, चांगले केलेस बेटा. कागद कुठे आहेत?"

तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. सहा वर्षे हप्ता पगारातून आपोआप कापला जात होता आणि आम्ही निर्धास्त होतो. बँकेची पत्रे न उघडताच कपाटात पडत. २०१८ साली दुसऱ्यांदा खाणी बंद पडल्या, शेजाऱ्याचा ट्रक ओढून नेला, आणि त्या रात्री आम्ही प्रथमच आमच्या खात्याचा उतारा नीट वाचला. सहा वर्षांत दहा लाखांच्या वर भरले होते. मुद्दल जेमतेम लाखाने कमी झाले होते. शिवाय मधल्या काळात दर पाव टक्क्याने वाढला होता. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली होती. पाव टक्क्याने मुदत किती वाढावी? जवळजवळ पावणेतीन वर्षांनी! शेवटचा हप्ता आमच्या बासष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेला होता, आणि पगार साठाव्या वर्षी संपणार. मुलांना चक्रवाढ व्याज शिकवणारा मास्तर स्वतःच्या घराचे गणित चुकला होता.

त्या रात्री आम्ही उभयतांनी वही घेतली. चारचाकी घेण्याचे आमचे ठरत आले होते, तिचा हप्ता आठ हजारांच्या आसपास होणार होता. गाडी घ्यायची नाही आणि तोच आठ हजारांचा हप्ता घराच्या कर्जात जादा भरायचा, असे ठरले. शाळा स्कूटरने पंधरा मिनिटांवर होती, आणि स्कूटर चालत होती. पत्नीने अब्बांचे जुने शिलाई मशीन तेल घालून पुन्हा चालू केले आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले. महागाई भत्ता वाढला की ती वाढ घरात येण्यापूर्वीच बँकेकडे वळवायची, असा नियम केला. आपण जुन्याच पगारावर राहतो आहोत असे समजायचे.

पत्नीने आपल्या चार बांगड्यांपैकी दोन पुढे केल्या. आम्ही नको म्हटले. बायकोचे सोने नवऱ्याच्या कर्जासाठी विकणे आम्हाला बरे वाटेना. त्यावर ती म्हणाली, "कर्जाच्या कागदावर माझी सही कशाला घेतली होती मग?" तिचे म्हणणे कायद्यालाही धरून होते. गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते, घर विकायचे वा गहाण टाकायचे तर दोघांचीही सही लागते. अर्धे घर तिचे, म्हणून अर्धे कर्जही तिचे. दोन बांगड्यांचे सव्वा लाख आले आणि ते त्याच आठवड्यात मुद्दलात भरले. पुढे सोन्याचा भाव किती चढला हे सर्वांना ठाऊक आहे. केवळ रुपयांचा हिशोब केला तर तो सौदा फायद्याचा ठरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या दिवसापासून कर्ज 'आमचे' झाले, एकट्याचे राहिले नाही. याची किंमत सोन्याच्या भावात मोजता येत नाही.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

काटकसर म्हणजे काही नवी विद्या नव्हे. आपल्या आया मे महिन्यात 'पुरुमेंत' भरत असत. उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, चिंच, सोलां, गूळ, सुके बांगडे, सुकी सुंगटे हे सारे पावसाआधी घरात. पावसात बाजार महाग होणार, वाट बंद होणार, हे त्यांना ठाऊक असे. आम्ही ती रीत पुन्हा धरली. वर्षाचे तांदूळ-मिरच्या एकदम घेतल्या, पावसाळ्यात ताज्या मासळीच्या मागे धावणे सोडले, परसात केळी, तोंडली आणि अळू लावले. सणाला कपडे घेतले, परंतु सणाला कर्ज काढले नाही. ऋण काढून सण करू नये हे ईदेला आणि चतुर्थीला सारखेच लागू आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जादा रक्कम आधी भरायची आणि उरेल त्यात घर चालवायचे. महिनाअखेर उरेल ते भरू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही.

मात्र येथे आमच्या हातून एक चूक झाली, ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. २०१९ साली आमची मुलगी चौथीत होती. तिच्या वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावून विचारले, "हिला फळा दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे का?" आम्हाला ठाऊक नव्हते. दुसऱ्यांच्या मुलांना पुढच्या बाकावर बसविणारे आम्ही! घरी येऊन तिला विचारले, "बाळा, सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "अब्बू, तुम्हीच म्हणालात ना, यंदा नवा खर्च नाही म्हणून." चार-पाच महिने ते पोर शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होते. त्याच संध्याकाळी चष्मा केला. वहीत त्या महिन्याची जादा रक्कम कमी लिहिली, आणि खाली लिहून ठेवले की ही काटकसर नव्हे, हा आंधळेपणा.

तेव्हापासून आमच्या घरात चार खर्च काटकसरीच्या बाहेर ठेवले. एक, औषधपाणी आणि आरोग्याचा विमा. दोन, मुलांचा अभ्यास. तीन, कमावत्या माणसाचा साधा मुदतीचा विमा, कर्जाच्या शिल्लक रकमेइतका तरी. आमच्या शरियतीत मयताच्या मालमत्तेची वाटणी होण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते. कोणत्याही धर्माचे घर असो, कमावता माणूस अचानक गेला तर कर्ज विधवेच्या आणि मुलांच्याच दारी येते. आणि चार, दानधर्म. हप्ता आहे म्हणून ज्याने गरजूला हात आखडता घेतला, त्याला पुढे घर सुटल्यावरही हात सैल करता येत नाही. आपल्या न्यासाची पन्नास वर्षे ज्यांच्या वर्गणीवर चालली त्यांतले बहुतेक जण हप्ते भरणारेच होते, हे विसरू नये. आणखी एक, मुलांना घरातला हिशोब खरा सांगावा. अर्धवट कानावर पडलेली काटकसर लेकरांना घाबरविते.

व्यवहाराच्या काही गोष्टी

आता ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार मुद्दे.

पहिले काम, खात्याचा उतारा मागवून शेवटच्या हप्त्याच्या तारखेस आपले वय किती असेल ते लिहावे. ते पंचावन्नच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा. पंचावन्न ते साठ ही वर्षे म्हातारपणाची बेगमी करण्यासाठी मोकळी हवीत.

दुसरे, सारा पैसा बँकेत भरून हात रिकामे करू नयेत. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम आधी बाजूला ठेवावी. क्रेडिट कार्डाचे किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर त्याचा दर अधिक असतो, ते आधी फेडावे. भविष्यनिर्वाह निधी रिकामा करून घर सोडवू नये. ते एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडणे होय.

तिसरे, जादा रक्कम भरताना "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा," असे लेखी द्यावे आणि पुढच्या उताऱ्यावर मुदत खरोखर घटली की नाही ते पाहावे. फिरत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच ती मनाई केलेली आहे.

चौथे, दरावर लक्ष ठेवावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्याने सात टक्क्यांनी २० लाख घेतले होते त्याचा वीस वर्षांचा हप्ता १५,५०६ रुपये. तोच दर साडेनऊ झाला तर २० लाखांवर महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही! म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही, हे ठरविण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. ती संधी घ्यावी, आणि झेपत असेल तर हप्ता वाढवावा. २०२५ साली दर उतरले. दर उतरला तरी हप्ता उतरवून घेऊ नये, तोच चालू ठेवावा. फरक आपोआप मुद्दलात जातो.

शिक्षकांच्या खोलीत आमच्या एका तरुण सहकाऱ्याने एकदा वाद घातला. त्याचे म्हणणे, "सर, जादा पैसा कर्जात भरण्यापेक्षा बाजारात गुंतवला तर अधिक मिळेल. आणि करातही सूट आहे." त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. ज्याचे वय तीस आहे, दर कमी आहे, आणि जो ठरविलेली रक्कम खरोखरच दरमहा गुंतवतो, त्याला ते लाभेलही. परंतु बाजारातला लाभ कदाचितचा असतो, व्याज वाचते ते खात्रीचे. आणि आम्ही पाहिलेल्या दहापैकी नऊ जणांचा तो 'गुंतवायचा' पैसा गुंतत नाही, खर्चच होतो. कराचे म्हणाल तर राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत आहे, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. शिवाय कराचे तीस रुपये वाचविण्यासाठी बँकेला शंभर रुपये व्याज देणे हा काही शहाणपणा नव्हे.

कागद घरी आले

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही शेवटचा भरणा केला. मूळ मुदतीच्या बारा-तेरा वर्षे आधी. यापुढचे काम पुष्कळ लोक विसरतात, म्हणून सांगतो. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, मूळ कागद एकेक मोजून घ्यावे, आणि नोंदणी कार्यालयात गहाणाची नोंद असेल तर ती रद्द करून भारमुक्त दाखला काढावा. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई तिने द्यावयाची आहे. हे ठाऊक असले म्हणजे खेटे घालावे लागत नाहीत.

आमचे कागद जानेवारीत आले. एका तपकिरी पाकिटात खरेदीखत, नकाशा, आणि त्यावर आमच्या उभयतांच्या बारा वर्षांपूर्वीच्या सह्या. अब्बा २०२१ साली गेले. "कागद आले का?" असे ते दर ईदेला विचारीत. आम्ही "येतील" म्हणत असू. ते पाकीट त्यांना दाखविता आले नाही. आरंभीची सहा वर्षे आम्ही झोपेत घालविली नसती तर दाखविता आले असते. ही एक बाकी आमच्या वहीत राहिली आहे, ती आता कोणत्याही भरण्याने फिटणार नाही.

पत्नीने ते पाकीट शिलाई मशीनच्या खणात ठेवले, कारण घरात त्याहून सुरक्षित जागा तिला दिसेना. मुलगी आता दहावीत आहे. तिने वहीतले सगळे आकडे एकदा तपासून पाहिले आणि दोन ठिकाणी आमची बेरीज चुकल्याचे दाखविले. चष्म्यातून तिला बरोबर दिसते.

वाचकहो, निवृत्ती हा आयुष्याचा पावसाळा आहे. तो केव्हा लागणार हे माहीत आहे, आणि त्याच्याआधी पुरुमेंत भरणे आपल्या हाती आहे. आज रात्री जेवण झाल्यावर कपाटातले बँकेचे ते न उघडलेले पत्र काढा, घरच्या माणसांना शेजारी बसवा, आणि शेवटच्या हप्त्याच्या तारखेसमोर आपले वय लिहा. पुढचे काय करायचे ते तो आकडाच सांगेल.